करमत नाही: तिसरी-चौथीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

22 नोव्हेंबर 2024, शुक्रवार

परवा मतदान झालं. त्यासाठी थांबलेल्या ऊसतोड मजुरांच्या दोन टोळ्याही काल रात्री गेल्या. आता गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि दावणीला राहिलेली थोडी जनावरं. बीड जिल्ह्यातला आमचा बालाघाटचा डोंगरपट्टा दरवर्षी असाच रिकामा होतो. दसरा झाला की मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या जोड्यांची मोजदाद करू लागतो, दिवाळीनंतर ट्रॅक्टर लागतात आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. यंदा राज्यातलं गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झालं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, कुणी परत येत नाही.

माझ्याकडे तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग आहे. पटावर 27 मुलं. त्यातली 5 आईबापांसोबत फडावर गेली. उरलेल्या 22 पैकी 14 जणांचे आईबाप ऊसतोडीला आहेत. ही 14 मुलं आजीआजोबांकडे किंवा चुलत्याकडे राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात.

गेल्या वर्षी याच दिवसांत वर्गात रोज मारामाऱ्या व्हायच्या. मी तो शिस्तीचा प्रश्न समजले. जागा बदलल्या, मॉनिटर बदलला, ओरडले. मार्चमध्ये आया परत आल्या आणि तीच पोरं आठवड्याभरात निवळली. त्या चार महिन्यांत मी नेमकं काय पाहत होते, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही. म्हणून यंदा हा प्रकल्प: पट्टा पडेपर्यंत परिपाठानंतर रोज 15 मिनिटं, मनात काय चाललंय ते ओळखायचं, सांगायचं आणि त्याचं काय करायचं ते शिकायचं. मुलांची नावं या वहीत येणार नाहीत.

26 नोव्हेंबर, मंगळवार

पहिला प्रयत्न फसला. छापील तक्ता लावला होता: चार गोल पिवळे चेहरे, आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. एकेकाला पुढे बोलावून विचारलं, आज तुझा चेहरा कोणता? 22 पैकी 19 जणांनी हसऱ्यावर बोट ठेवलं. त्यात आदल्या रात्री झोपेपर्यंत रडल्याचं जिच्या आजीने मला सकाळीच सांगितलं होतं, ती मुलगीही होती.

मुलांनी याला परीक्षेतला प्रश्न मानलं आणि बाईंना आवडेल ते उत्तर दिलं. मधल्या सुट्टीत तीच मुलगी जवळ आली.

"बाई, रडका दाखविला तर आज्जीला सांगताल का?"

"का गं?"

"आज्जी म्हणती रडू नको, तू रडली की तिकडं मायला ठसका लागतो. तिला काम करू दी."

आठ वर्षांची पोर आईला ठसका लागू नये म्हणून रडू गिळते आहे. तक्ता आजच काढून ठेवला.

29 नोव्हेंबर, शुक्रवार

आज स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही. "गाय विकली की वासरू काय करतं?" एवढंच विचारलं. मग थांबवावं लागलं, इतकं बोलली. हंबरतं. चारा खात नाही. दाव्याला हिसके देतं. कुणी जवळ गेलं तर शिंग मारतं. "गप पडून ऱ्हातं, मग लोकांला वाटतं ते सवयीला लागलं." हे शेवटचं वाक्य मागच्या रांगेतल्या एका मुलाचं. नोव्हेंबरभर त्याने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. या वहीत तो 'मागच्या रांगेतला'.

मग आपण घरात कोणते शब्द ऐकतो ते गोळा केले. रुसणं, फुगणं, हिरमुसणं, चिडणं, तणतणणं, घाबरणं, दचकणं, बावरणं, लाजणं, ओशाळणं, जळणं (दुसऱ्याला नवं दप्तर मिळालं की), धास्ती, हुरहूर, जीव लागणं, जीव तुटणं. फळा भरला, 31 शब्द झाले. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी 8 स्थायीभाव सांगितले आणि त्यांच्यासोबत येणारे-जाणारे 33 व्यभिचारीभाव वेगळे मोजले. असूया, व्रीडा, दैन्य, औत्सुक्य अशी त्यांची नावं. आमच्या डोंगरातल्या 22 पोरांनी अर्ध्या तासात जवळपास तेवढे शब्द आणले. वर्गात मात्र आपण त्यांना आनंद, दुःख आणि राग हे तीनच देतो.

सगळ्यात शेवटी आलेला शब्द: करमत नाही. तो म्हटल्यावर वर्ग एकदम शांत झाला. हे नुसतं दुःख नव्हे. भीती नाही, कंटाळाही नाही. माणूस इथे बसलाय आणि जीव दुसरीकडे आहे. कुणी मारलं नाही, काही हरवलं नाही, ताटात जेवण आहे, तरी करमत नाही. ज्या भावनेला सांगण्यासारखं कारण नसतं तिची मुलांना लाज वाटते. या शब्दाला कारण द्यावं लागत नाही.

4 डिसेंबर, बुधवार

व्हरांड्यात फरशीवर एका मुलाला आडवं झोपवलं आणि खडूने त्याच्याभोवती रेघ काढली. मग त्या आकृतीत मनातलं कुठे कुठे होतं ते भरायचं होतं.

मला वाटलं होतं, हे समजावून सांगावं लागेल. आपल्या भाषेने ते आधीच करून ठेवलंय. भीती वाटली की पोटात गोळा येतो. रडू येणार असलं की घसा दाटतो. काळजीने जीव टांगणीला लागतो. राग तळपायापासून मस्तकात जातो. हेवा वाटला की पोटात दुखतं. लाजेने कान तापतात. मुलं सरळ त्या त्या जागी रंगीत खडूने गोळे काढत गेली. एकीने डोळ्यांच्या वर, कपाळावर, मोठा काळा ढग काढला. "हितं जड होतं. मग बेरीज येत नाही." गणितात ती का अडते हे मी तिच्या वहीतल्या चुका तपासून शोधत होते.

याचा मला दिसलेला उपयोग असा: "राग आला का?" असं विचारलं की मूल नाही म्हणतं, कारण राग येणं म्हणजे वाईट मूल असणं. "कान तापले का?" असं विचारलं की खरं सांगतं. शरीराबद्दल सांगताना त्याला गुन्हा कबूल केल्यासारखं वाटत नाही. आणि कान तापणं हे हात उचलण्याच्या आधीचं असतं. तेवढी फट मिळाली तर पुढचं काही करता येईल.

9 डिसेंबर, सोमवार

आज मागच्या रांगेतल्या मुलाने शेजाऱ्याच्या दंडाला चावा घेतला. दात उमटले, थोडं रक्त आलं. कारण विचारलं तर पेन्सिल. जखम साबणाने धुतली, मलम लावलं, शेजाऱ्याच्या आजोबांना स्वतः जाऊन सांगितलं. आजोबा भडकले होते आणि त्यांचं भडकणं बरोबरच होतं.

"बाई, दोन ठिवून द्या त्याच्या, सुधरंल." हा सल्ला मला आज तीन जणांनी दिला. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. कायदा नसता तरी मी त्याला मारलं नसतं. जो आधीच घाबरलेला आहे त्याला आणखी घाबरवून काय हाती लागणार?

चावल्यावर तो शाळेच्या मागे भिंतीला टेकून बसला. मी शेजारी बसले. माफी माग म्हटलं नाही, का केलंस विचारलं नाही. बराच वेळ गेला. मग मी म्हटलं, "मला वाटतं तुझे कान तापलेत." त्याने कानाला हात लावला. आणखी थोड्या वेळाने म्हणाला, "मी झोपतच नाही रातीला."

मग हळूहळू निघालं. ट्रॅक्टर पहाटे तीनला आला होता. पोरगं उठलं तर रडेल, पाय निघणार नाही, म्हणून आईबापांनी त्याला झोपेतच आजीजवळ ठेवलं आणि गेले. सकाळी उठून पाहतो तर अंथरूण रिकामं. तेव्हापासून तो झोप लागू देत नाही. झोपलं की माणसं जातात, हे त्याने त्या रात्री शिकलं.

चार वर्षं मी या गावात आहे. पोरं झोपेत असताना निघायची पद्धत मला माहीत होती. आयांची दया यायची, त्यापलीकडे विचार केला नव्हता. आज इतर 13 जणांच्या घरी विचारलं. 6 जणांना असंच झोपेत सोडून गेलेत.

चाव्याचं काय, तेही झालं. दोन दिवस त्याने शेजाऱ्याचं दप्तर उचलायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं. भावना समजून घेणं आणि चावण्याला मुभा देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना त्या वेगळ्या करून दाखवाव्या लागतात: राग आलेला चालेल, चावलेलं चालणार नाही.

13 डिसेंबर, शुक्रवार

माझी चूक. भिंतीवर शब्दांची पाटी आणि प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लावली होती. सकाळी आपली चिठ्ठी आपल्या शब्दाखाली लावायची. आज एकीने 'जळते' खाली लावली आणि मी सगळ्यांसमोर कौतुकाने म्हणाले, "बघा, किती खरं सांगितलं!" मधल्या सुट्टीत चार मुली तिच्याभोवती फेर धरून "जळकी, जळकी" करत होत्या. दुपारनंतर ती बोलली नाही.

मनातलं उघड्यावर लावायला सांगण्याचा मला अधिकार नव्हता. तिची माफी मागितली, आणि त्या चौघींशी बोलले. पाटी काढली. उद्यापासून कपाटामागे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर एक शब्द. मुलं एकेक करून मागे जातील आणि आपला चिंचोका टाकून येतील. कुणाचा कोणता ते कळणार नाही. ज्याला माझ्याशी बोलायचं असेल त्याने एक जादा चिंचोका माझ्या टेबलावर ठेवायचा.

16 डिसेंबर, सोमवार

22 चिंचोके. 'करमत नाही' च्या डब्यात 11. सोमवार आहे.

20 डिसेंबर, शुक्रवार

शांत होण्याच्या रीतींवर दोन आठवडे काम चाललंय.

एका प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं, 'दीर्घ श्वास घ्यायला सांगा.' मुलं छाती फुगवतात, श्वास कोंडतात आणि लालबुंद होतात. मग फुंकणी आठवली. चूल पेटवताना फुंकणीतून कसं फुंकतो? जोरात फुंकलं तर राख डोळ्यांत येते. हळू, लांब फुंकलं तर निखारा फुलतो. हे प्रत्येक घरातल्या पोराला येतं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, त्यामुळे घेण्यापेक्षा सोडणं लांब असलेलं बरं. आता वर्गात "फुंकणी" एवढा एकच शब्द पुरतो. एका आजीने जुनी लोखंडी फुंकणी शाळेला दिली आहे, ती कपाटावर असते.

दुसरी युक्ती चालली नाही. मागच्या रांगेतल्याला राग आला की मी हापशावर पाठवत होते: जोरात हापस, बादली भर, राग निघून जाईल. तो दुप्पट तापून परत यायचा. राग बाहेर काढला की संपतो, ही समजूत सगळीकडे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये हे तपासलं होतं. राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत बुक्क्या मारणाऱ्यांचा राग उतरण्याऐवजी वाढला. काहीच न करता बसलेले त्यांच्यापेक्षा कमी रागात होते. तो अभ्यास महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा, पण हापशावर मला तेच दिसलं. हापशाचा दांडा मारताना तो मनात कुणाला तरी मारतच होता. आता त्याला लिंबाखाली पाठवते. तिथे बसायचं, फुंकणी करायची, लिंबाच्या फांद्या मोजायच्या. कुणी सोबत हवं असेल तर एक जण जातो. लिंबाखाली जाणं ही शिक्षा नाही हे मुलांना पटावं म्हणून मीही जाते. मंगळवारी ऑनलाइन माहिती भरताना तीन वेळा सगळं पुसलं गेलं, तेव्हा मुलांना सांगून दहा मिनिटं तिथे बसले.

नाव देण्याचं मात्र मला मोल दिसतंय. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना भेदरलेले, चिडलेले चेहरे दाखवले. त्या चेहऱ्यावरच्या भावनेचं नाव शब्दांत निवडताना मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. तेही प्रौढांवर. माझ्या वर्गात मेंदू मोजायचं यंत्र नाही. पण "मला करमंना" म्हणताना पोराचे खांदे खाली येतात, ते मी रोज पाहते.

3 जानेवारी 2025, शुक्रवार

आईला ठसका लागेल म्हणून न रडणाऱ्या मुलीचं पोट दुखतं. आठवड्यात दोन-तीनदा, सकाळी. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, जंताची गोळी झाली, तपासणीत काही निघालं नाही. "नाटक करती," असं घरात ठरत होतं. मी आजीला म्हटलं, "आज्जी, दुखणं खरं आहे. फक्त औषध पोटाचं नाही." खोट्या दुखण्याला घाम येत नाही, आणि तिला घाम येत होता.

तारखा लिहून काढल्या. ज्या रात्री फोन येत नाही त्याच्या दुसऱ्या सकाळी पोट. फोन का येत नाही? पहाटे उठून फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, परतून भाकरी होईपर्यंत पोरं इकडे झोपलेली, नाहीतर मोबाइलचं चार्जिंग संपलेलं. आई म्हणते "रोज करते." आणि तिला ते जमत नाही. त्या मुलीला रोज रात्री आशा लागते आणि रोज रात्री ती तुटते.

आता आवाज पाठवायची सोय केली. दुपारी माझ्या मोबाइलवर मूल बोलतं, मी पाठवते. आई रात्री ऐकून आपलं बोलणं पाठवते, सकाळी मूल ते लिंबाखाली एकटं ऐकतं. वेळ जुळायची गरज उरली नाही. आयांना एवढंच सांगितलं की "उद्या फोन करते", "चार दिवसांत येते" असं म्हणू नका, खरं तेच सांगा. एका आईने पाठवलेला निरोप मी विसरणार नाही (टायर म्हणजे ऊस भरायची गाडी): "आज 2 टायर भरले. हात लई दुखतो. तुझी आठवण मोळी बांधताना येती. पट्टा पडला की येते." मुलाने तो सलग पाच वेळा ऐकला. आठवण नेमकी कधी येते हे कळल्यावर त्याला आईला कुठेतरी ठेवता आलं.

16 जानेवारी, गुरुवार

परवा संक्रांत झाली. तिळगूळ वाटताना दोघी रडल्या, त्यांना कुणी गप्प केलं नाही. वर्गाचा हा नियम मुलांनीच केलाय: रडणाऱ्याला पाणी द्यायचं, "गप" म्हणायचं नाही.

आज दोन आज्ज्यांना बोलावलं होतं, त्यांच्या लहानपणी करमेनासं झालं की काय करायच्या ते सांगायला. एक म्हणाली, "सासरी करमंना झालं की जात्यावर बसायचे. जात्याला सगळं सांगायचे." आणि तिने ओव्या म्हणायला सुरुवात केली. आईची, भावाची, माहेरच्या वाटेची. वर्गात जातं नाही, तरी तिचा उजवा हात फिरत होता. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. इतक्या बायकांनी मनातलं ओझं असंच गाण्यात उतरवलं आहे, आणि त्यासाठी त्यांना कुणी प्रकल्प दिला नव्हता.

ओव्या संपल्यावर एका मुलाने विचारलं, "आज्जी, तू रडायची का मग?" ती म्हणाली, "तर! दळण संपस्तोर रडायचे. मग पीठ भरायचे आन् भाकरी थापायचे." ठसक्याची ती मुलगी हे ऐकत होती. आजी म्हणजे तिचीच आजी.

28 जानेवारी, मंगळवार

एका मुलाबद्दल ही नोंद वेगळी. तो चुलत्याकडे असतो. अंथरूण ओलं करणं त्याचं पाचव्या वर्षीच थांबलं होतं, आता पुन्हा रोज होतंय. तीन आठवडे नीट जेवत नाही, खेळायला उतरत नाही, चिंचोका उचलत नाही. काल म्हणाला, "मी नसलो तरी काय होतंय?"

हे माझ्या डब्यांच्या आणि फुंकणीच्या पलीकडचं आहे. ओवीने हे बरं होईल अशी आशा धरून मी वेळ घालवणार नाही. आज चुलता-चुलतीशी बोलले. घरात त्याला रोज सकाळी सगळ्यांसमोर अंथरूण धुवायला लावत होते, ते थांबवायचं कबूल केलं. अंगारा लावला होता, त्यावर मी काही बोलले नाही, फक्त दवाखानाही करूया म्हटलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी आधी लघवी आणि साखर तपासली, कारण थांबलेलं अंथरूण ओलं होणं पुन्हा सुरू झालं की जंतुसंसर्ग किंवा मधुमेह नाही ना ते पाहावं लागतं. दोन्ही ठीक. परवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे जायचंय. मी सोबत जातेय, रजा टाकली आहे. चुलत्याच्या मोबाइलमध्ये 14416 (टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून फोनवर चालू असलेली मोफत मदत) आणि 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) हे दोन्ही क्रमांक भरून दिले. आजपासून तो एकटा राहणार नाही हेही ठरलं.

आई-वडिलांना कळवलं. आई दोन दिवसांत येते म्हणाली. मुकादमाशी उचलीचं काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही.

7 फेब्रुवारी, शुक्रवार

तो मुलगा आईजवळ आहे. दवाखान्याच्या दोन फेऱ्या झाल्या, जेवायला लागलाय. आई आता जाणार नाही, वडील एकटे अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे जोडीतल्या एकाच माणसाचं, काम करताहेत. मूल घरी बरं होतंय आणि त्याची किंमत घर मोजतंय. हेही नोंदवून ठेवते.

वर्गात: मागच्या रांगेतल्याने काल भांडण सुरू होताच हात वर केला आणि म्हणाला, "बाई, कान तापले. आत्ता बोलू नका मला." आणि लिंबाखाली गेला. मी फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले.

जिला 'जळकी' म्हणाल्या होत्या तिने आज टेबलावर जादा चिंचोका ठेवला. दोन महिन्यांनी.

24 फेब्रुवारी, सोमवार

यंदा ऊस कमी आहे, कारखाने लवकर बंद होताहेत. पट्टा पडायला लागल्याच्या बातम्या मुलांना माझ्याआधी कळतात. डब्यांत 'हुरहूर' भरतोय. 'करमत नाही' मध्ये आज 4.

7 मार्च, शुक्रवार

पहिल्या दोन टोळ्या परत आल्या. मला वाटलं होतं आता आनंदच. ठसक्याची मुलगी धावत सुटली, आईला चिकटली, ते सगळं झालंच. पण तीन मुलं आईजवळ गेली नाहीत. एक आजीच्या मागे लपला. मागच्या रांगेतल्याने आईने आणलेला नवा शर्ट घातला नाही आणि तिच्या कुठल्याच प्रश्नाला उत्तर दिलं नाही. आया हादरल्या. "माझं पोरगं मला विसरलं, बाई."

विसरलेलं नाही. जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये 1950 च्या सुमारास इस्पितळात आईपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं होतं. मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग अलिप्त होतं. त्या तिसऱ्या टप्प्यात आई परत आली तरी ते तिला ओळख देत नाही. तेव्हा डॉक्टर-नर्सना वाटायचं की मूल रुळलं. वासराबद्दल आमच्या मागच्या रांगेतून आलेलं वाक्य हेच होतं.

आयांना सांगितलं: रागावू नका, ओढून कुशीत घेऊ नका, "आईला असं करतात का" म्हणू नका. जवळपास राहा. भाकरी करताना तो दिसेल असं बसा. रुसायला माणूस परत आलेलं असावं लागतं, आणि तुम्ही आला आहात.

12 मार्च, बुधवार

मागच्या रांगेतल्याची आई आज शाळेत आली. बोलायचं काही नव्हतं, नुसती बसते म्हणाली. कपाटाशेजारी भिंतीला टेकून बसली. तिथे डबे आहेत. तिला वाचता येत नाही. शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "काय लिवलंय गं यांच्यावर?" मुलगी एकेक वाचत गेली. रुसलो. घाबरलो. जळते. हुरहूर. शेवटचा डबा तिने हातात घेऊन वाचला: "करमत नाही."

"याच्यात कुणाचं?"

"सगळ्यांचंच, मावशी. ज्याला करमंना तो टाकतो."

आईने जमिनीवर पडलेला एक चिंचोका उचलला आणि डब्यात टाकला. पत्र्यावर तो वाजला. "मलाबी नव्हतं करमत तिथं," ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही.

मी गुणाकार शिकवत होते. शिकवत राहिले. तो वळला नाही. त्याचे कान मात्र मला पुढून दिसत होते.

शाळा सुटल्यावर तो दप्तर न उचलता तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"पुढल्या साली मला उठवून जाशील का?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. ओढणी नीट केली, त्याच्याकडे पाहिलं. "तू रडशील."

"रडंल. पण उठीव."

"उठविते."

पुढच्या वर्षाच्या वहीचं पहिलं पान आत्ताच लिहून ठेवलं: दसऱ्याआधी आया आणि आज्ज्यांची बैठक घ्यायची. विषय, सांगून जाणे.